तिसऱ्या राउंडच्या आधी

फुलचंदने फळ्यावर उभी रेघ ओढली, डावीकडे ‘किसनसिंग’ लिहिलं, उजवीकडे ‘जमीर’, आणि दोन पावलं मागे सरून मांडवाची झालर सरळ लागली का ते पाहावं तसं पाहिलं. मांडव-डेकोरेशन हाच त्याचा धंदा होता. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला ठोसा मारला नव्हता आणि कुणाचा खाल्लाही नव्हता. पण राजूरच्या नव्या बॉक्सिंग हॉलला कुणाचं नाव द्यायचं हे ठरवणाऱ्या पाच जणांच्या समितीचा तो अध्यक्ष होता. नावांच्या खाली त्याने एकेक शब्द लिहीत नेला : ताकद, वेग, बचाव, पदकं. जरा थांबून, विचार केल्यासारखं करून, सगळ्यात खाली लिहिलं, वारसा. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते.

खिडकीपाशी बसलेल्या शकीलच्या तोंडात कडू पाणी आलं.

त्या पाच जणांत रिंगणाच्या दोऱ्यांना कधी हात लावलेला तो एकटाच. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा हा एकोणसत्तर वर्षांचा मिस्त्री फळ्यावरच्या दोन्ही नावांचा उस्ताद होता. किसनसिंगला त्याने कोळशाच्या खाणीतून उचलून आणलं, त्यानंतर सत्तावीस वर्षांनी जमीरला शाळेच्या मैदानातून. दोघांच्याही लढतीत तोच कोपऱ्यात उभा असे.

चर्चा रंगली. किसनसिंगच्या काळात डोक्याला टोप नव्हता, म्हणून त्याचे दोन गुण जास्त, असं एकाने म्हटलं. मग जमीरच्या काळात गुण मोजायला यंत्र आलं होतं, तिथे वशिला चालत नव्हता, त्याचं काय, असं दुसऱ्याने विचारलं. त्यावर पहिल्याने मोबाइलवर कुणीतरी बनवलेला व्हिडिओ दाखवला. त्यात आगीच्या ज्वाळांमधून दोघे समोरासमोर येत होते आणि किसनसिंग चौथ्या राउंडमध्ये जमीरला आडवा करत होता. दोघांपैकी कुणीही जन्मात चौथा राउंड खेळला नव्हता. त्यांच्या लढती तीन राउंडच्या. सगळे तरीही माना पुढे करून पाहत होते. एकाच्या हातात समोसा होता आणि त्याचं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं.

शकीलला त्यांची शिसारी आली. पण त्याहून जास्त शिसारी त्याला जमीरची होती, आणि ती बारा वर्षं जुनी होती.

जमीर तीनदा राज्य विजेता झालेला. चौथ्या वेळी, अकोल्याच्या अंतिम लढतीत, दुसऱ्या राउंडमध्ये कानशिलावर एक बसला आणि तो एका गुडघ्यावर खाली गेला. पंच मोजू लागला. राजूरहून तीन जीपगाड्या भरून माणसं आली होती. शकीलने कोपऱ्यातून ‘ऊठ’ म्हणून सांगितलं. जमीरने त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि नकाराची मान हलवली. दहा आकडे तो तसाच बसून राहिला. परतताना शकील त्याच्या जीपमध्ये बसला नाही. त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूला थुंकायचा. जमीर आता वणी रोडवर जेसीबी दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी पोरींना बॉक्सिंग शिकवायचा. पोरगी जरा डगमगली की रिंगणात टॉवेल फेकून लढत थांबवायचा, म्हणून लोक त्याला टॉवेल मास्तर म्हणायचे. त्याच्या पोरी फारसं काही जिंकत नसत.

आणि किसनसिंग? किसनसिंग कधी पडलाच नाही. एकेचाळीस लढती, आणि त्याची पाठ एकदाही जमिनीला लागली नव्हती. खाण कामगारांच्या स्पर्धेत धनबादला त्याने जी अंतिम लढत मारली, ती शकीलने चाळीस वर्षं चहाच्या टपऱ्यांवर सांगितली होती. ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली होती.

हात वर करायची वेळ आली तेव्हा दोन इकडे, दोन तिकडे झाले. सरपंच विमलताई जमीरच्या बाजूने होत्या, कारण त्यांची नात त्याच्याकडे जायची. सगळ्यांनी शकीलकडे पाहिलं. तो किसनसिंग म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे फुलचंदने डावीकडच्या नावाभोवती अर्धा गोल काढूनही ठेवला होता. पण शकीलला त्या फळ्यावर, त्या गुणांच्या खाली किसनसिंगचं नाव उच्चारायची लाज वाटली. चार दिवसांनी सांगतो, म्हणाला. फुलचंदला ते आवडलं. तोवर किसनसिंगच्या तांड्यावर जाऊन त्याची प्रमाणपत्रं घेऊन या, उद्घाटनाला त्यालाही आणू, स्टेजवर दोन हात करून दाखवील, पब्लिक खूश होईल, असं त्याने सुचवलं.

सात वर्षांत शकील तिकडे गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो पांढरकवड्याला उतरला, तिथून घाटंजीची गाडी धरली आणि फाट्यावरून तांड्यापर्यंत चालत गेला.

किसनसिंग घरासमोरच्या बाभळीखाली खाटेवर बसला होता. खांदे अजून तसेच रुंद होते, पण त्यांच्यावरचं मांस उतरून गेलं होतं. त्याची बायको सुखीबाई पुढे बसून वरणात कुस्करलेली भाकर त्याला भरवत होती. घास गिळला की ती पदराने त्याची हनुवटी पुसायची, मग पुढचा घास.

शकीलला पाहताच किसनसिंगचा चेहरा उजळला. खाटेचा काठ धरून तो उभा राहिला, वाकला आणि शकीलच्या पायांना हात लावून हळूहळू, जिभेवर एकेक अक्षर तोलत म्हणाला,

“उस्ताद. लय दिवसानं.”

ओळखलं म्हणजे ठीक आहे, लोक उगाच काहीबाही सांगतात, असं शकीलला वाटलं. तो खाटेवर टेकला. हॉलचं सांगितलं, फळ्याचं सांगितलं नाही. किसनसिंग मान डोलवत राहिला. सुखीबाई पाणी आणायला आत गेली आणि ती बाहेर येते तोच किसनसिंगची नजर पुन्हा शकीलवर पडली. चेहरा तसाच उजळला. काठ धरून तो उभा राहिला, वाकला.

“उस्ताद. लय दिवसानं.”

तिसऱ्यांदा तो वाकू लागला तेव्हा शकीलने पाय खाटेखाली ओढून घेतले. किसनसिंगचा हात जमिनीवरच्या मातीत फिरला, पाय शोधत राहिला. तो इतक्या जवळ आला तेव्हा शकीलला वास आला. ओल्या कपड्यांचा, लघवीचा. त्याने नकळत तोंड फिरवलं.

सुखीबाईने ते पाहिलं.

“वास येते न,” ती म्हणाली. “सकाळपासून दोनदा धुतले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने नवऱ्याला बखोटीला धरून उठवलं, खाटेवर नीट बसवलं, पायजम्याची नाडी तपासली. शकीलला वाटलं, उठून सरळ फाट्यापर्यंत पळत जावं. ज्या माणसाच्या पाठीवरून त्याने तीन हजार वेळा हात फिरवला असेल, घाम पुसला असेल, रक्त पुसलं असेल, त्याच्यावरून आज आपलं नाक आखडलं, याची त्याला स्वतःचीच किळस आली.

प्रमाणपत्रं सुखीबाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती. ती त्याच्या मांडीवर ठेवून तिने सांगितलं, की स्टेजवर न्यायचं नाव काढू नका. गेल्या साली तालुक्याच्या एका कार्यक्रमाला नेलं होतं. लोकांनी ठोसा मारून दाखवायला लावलं, तर ह्यांचा तोल गेला, माणसं हसली, आणि ह्यांना वाटलं आपल्यासाठी टाळ्या आहेत, म्हणून हे पण हसले.

मग तिने किसनसिंगची हनुवटी पुन्हा पुसली.

“शकीलभाई, एक विचारू? डाक्टर म्हणते, डोक्याच्या मारानं झालं. ते जाऊ द्या. पण ह्यांले आंघोळ घालतो न मी, पाणी डोळ्यात गेलं का हे गडबडतेत. माह्या खांद्याले धरतेत आन म्हणतेत, ‘पडत नाही उस्ताद, पडत नाही.’ कायचं म्हणून राह्यले, तुमाले मालूम असन.”

शकीलने पिशवीची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

“नाही,” तो म्हणाला. “मले नाही मालूम.”

परतीच्या गाडीत तो मागच्या सीटवर बसला. धनबादची गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती, की त्यातलं एक वाक्य तो नेहमी वगळतो हे त्याचं त्यालाही आठवेनासं झालं होतं. दुसरा राउंड संपवून किसनसिंग कोपऱ्यात आला तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि दुसऱ्याची लहान. स्टुलावर बसायला गेला तो स्टुलाच्या बाजूला बसला. ‘उस्ताद, दिसून नाही राह्यलं,’ म्हणाला. टॉवेल शकीलच्या खांद्यावरच होता. गुणांमध्ये किसनसिंग पुढे होता, फक्त तीन मिनिटं उभं राहायचं होतं. शकीलने त्याच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि म्हटलं, ‘उभा राह्य. पडला त राजूरले तोंड दाखवू नको.’

आणि किसनसिंग उभा राहिला. समोरच्याचे सगळे ठोसे खात तीन मिनिटं उभा राहिला. रेल्वेत परतताना त्याने गळ्यातलं पदक हातात घेऊन दोनदा विचारलं होतं, हे कुणाचं आहे म्हणून. डब्यातले सगळे हसले होते. शकील सगळ्यात जोरात हसला होता.

त्यानंतरही त्याने त्याला बावीस लढती खेळवल्या.

मारेगावपाशी गाडी थांबली तेव्हा शकील खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकला. कंडक्टरने विचारलं, गाडी लागते का काका. शकीलने हाव म्हटलं.

समिती पुन्हा बसली त्या दिवशी फळा पुसलेला नव्हता. फुलचंदने प्रमाणपत्रं पसरून मोबाइलवर फोटो काढले, पेढ्यांचा डबा उघडूनच ठेवला. सगळे जमल्यावर त्याने शकीलला विचारलं, आता उशीर नको, नाव सांगून टाका.

“जमीर,” शकील म्हणाला.

फुलचंदला वाटलं चुकून आलं तोंडातून. त्याने पुन्हा विचारलं. शकीलने पुन्हा तेच सांगितलं. विमलताईसुद्धा चमकल्या. ज्याला बारा वर्षं पळपुटा म्हणत आलात त्याचं नाव हॉलला, आणि जो कधी पडला नाही त्याचं नाही, असं काय झालं, हे समितीला कळायला हवं, अशी फुलचंदने मागणी केली. नोंदवहीत कारण लिहावं लागतं, म्हणाला.

शकीलने तोंड उघडलं. धनबादच्या त्या मिनिटाचं सांगायचं तो ठरवून आला होता. समोर पेढे चघळणारी तोंडं होती. हे मिनिट आपण त्यांच्या हातात दिलं, तर ते त्यालाही दहापैकी गुण देतील, असं त्याला दिसलं. हे खरं होतं की पुन्हा एकदा आपण पळवाट शोधतोय, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

“जे लिहायचं ते लिहा,” तो म्हणाला आणि उठला.

दाराबाहेर तो चपला शोधत होता, तेव्हा आतून एक आवाज आला. दबका होता, पण ऐकू जावा इतपतच दबका.

“शेवटी आपलावालाच पाह्यला त्यानं.”

कुणीतरी हसलं. शकीलच्या मानेवरची शीर फुगली. आत जाऊन त्या माणसाला एक ठेवून देणं त्याला या वयातही जड नव्हतं. किसनसिंग त्याला सख्ख्या भावाहून जवळचा होता, हे राजूरचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्याने उजवी चप्पल पायात घातली, मग डावी. विमलताई कुणालातरी रागावून बोलत होत्या. तो चालू लागला.

दुपारी दुकानात तो जळालेल्या मोटारीतली तार सोडवत बसला होता, तेव्हा जमीर आला. बारा वर्षांत पहिल्यांदा. दारातच थांबला. हाताला ग्रीस होतं, ते त्याने शर्टाला पुसलं. शकीलची बोटं थांबली नाहीत. जुनी शिसारी घशाशी आली होती, चार दिवसांत ती तसूभरही कमी झाली नव्हती. तोच गुळगुळीत चेहरा. न मोडलेलं नाक.

जमीरने सांगितलं, की तो आभार मानायला आलेला नाही. नाव काढून टाका, असं सांगायला आलाय. आज उस्तादाबद्दल लोक काय बोलतायत ते त्याने ऐकलं होतं. आणि शिवाय दुसरं एक होतं.

“अकोल्याले मी उठू शकत होतो, उस्ताद,” तो म्हणाला. “लागलं होतं, पण एवढं नव्हतं. मी भेलो होतो. तुम्ही जे म्हणता ना माह्याबद्दल, ते खरंच आहे.”

शकीलने तारेचं टोक पकडीत धरून ओढलं. ते तुटलं. त्याने पकड खाली ठेवली.

“मालूम आहे मले,” तो म्हणाला. “मी नव्हतो भेलो. तवाही नाही, त्याच्या आधी धनबादलेही नाही. काहून भेईन? मार मले कुठं लागून राह्यला होता.”

जमीरला धनबादचं काही ठाऊक नव्हतं. काय करावं ते न सुचून त्याने हात पुढे केला.

शकीलने त्या हाताकडे पाहिलं. मग तो हातात घेतला. गरम, ग्रीसने चिकट, धडधाकट हात. शकीलला किळस आली, आणि त्याने तो सोडला नाही.