पऱ्यावरचा नवा पक्षी

१९८४ साली रत्नागिरी तालुक्याने पक्षिशास्त्रात मोलाची भर घातली, असं महिपत गुरुजींचं ठाम मत होतं. ते पंधरा दिवस टिकलं.

घरामागच्या पऱ्यात, म्हणजे लहानशा ओढ्यात, पाण्यालगतच्या दगडावर त्यांना एक पक्षी दिसला. पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्यावर पांढरी भुवई. किडे टिपताना शेपटी सारखी वरखाली. शाळेच्या तक्त्यावर हा पक्षी नव्हता, म्हणजे तो जगालाच ठाऊक नव्हता. गुरुजींनी चित्र काढून मुंबईच्या एका तज्ज्ञांना पाठवलं आणि पक्ष्याला आपलं नाव मिळणार, असं शाळेत जाहीरही करून टाकलं.

रोज सकाळी ते वही घेऊन खिडकीशी बसत, आणि रोज पऱ्यावरून बायको, येसूबाई, हाक मारी, "अवो, परीट आलाय बघा!"

"मग कपडे दे त्याला! मी कामात आहे."

"त्याला कपडे? बरे आहात ना?"

पंधराव्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर मुंबईहून पोस्टकार्ड आलं. हेडमास्तरांनी ते सगळ्या शाळेपुढे खणखणीत वाचलं, "हा पक्षी सर्वत्र आढळतो. धुण्याच्या दगडांवर शेपटी आपटत बसतो, म्हणून त्याला परीट म्हणतात."

गुरुजी तडक घरी आले. "तुला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत होते की! मला वाटलं, थट्टा करताय."

"थट्टा कसली? मला वाटलं, आपला परीट आलाय."

गावात परीट नव्हताच. गुरुजींचे कपडे गेली अठरा वर्षं येसूबाईच धूत होती, त्याच दगडावर.