लाल पाटी

चालण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्यालाही लोक हसतात, हे तिनं फार लवकर पचवलं होतं. खेळच तसा. पळायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढे टाकलेल्या पायाचा गुडघा ताठ हवा, आणि वेग काढायचा तो खुब्यातून. मग चालणारा असा काही हलतोडुलतो, की बघणाऱ्याला वाटावं, याच्या बुटात खडा गेलाय आणि पुढे गाडीही सुटतेय.

गल्लीनं तिचं नाव बदक ठेवलं ते यामुळेच. आधी ती रुसली, मग चिडली, आणि पुढे अशी सवय झाली की कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून.

आता एकोणिसाव्या वर्षी, खिडकीशी खुर्ची ओढून बसल्यावर, तिला त्या सकाळी आठवायच्या. बेकरीचं शटर अर्धंच वर गेलेलं असायचं आणि खालच्या फटीतून भाजलेल्या पावाचा वास रस्त्यावर यायचा. मागे सायकलवरून तिचे सर ओरडत असायचे, "खुबा! खुबा हलू दे! लाजतेस कोणाला?" सरांची सायकल त्यांच्याहून म्हातारी. चढ आला की चेन निसटलीच. मग सर हात वंगणानं काळे करून, सायकल ढकलत मागून पळत यायचे आणि ती मान न वळवता ओरडायची, "सर, तुमचे दोन्ही पाय हवेत! बाद!" सर रागवायचे नाहीत. दम लागलेल्या माणसाला रागवायला सवड कुठे असते?

गल्लीच्या तोंडाशी टेलर मास्तरांचं दुकान होतं. मास्तर बोलायला लागले की मशीन थांबायचं, आणि मशीन बहुतेक थांबलेलंच असायचं. आयुष्यातल्या पहिल्याच शर्यतीत ती बाद झाली, तेव्हा रडत त्यांच्याकडे आली होती. पँटची चेन तुटली म्हणून रडतेय, असं तिनं सांगितलं. मास्तरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. गुडघा वाकला की पंच पिवळी पाटी दाखवतात, ती नुसती ताकीद. तरीही सुधारलं नाही आणि तीन पंचांनी तक्रार केली, की मुख्य पंच समोर येऊन लाल पाटी दाखवतात. मग मुकाट्यानं रस्ता सोडायचा.

"आणि आपल्यालाच कळलं, आपलं चुकतंय, तर?" मास्तरांनी विचारलं.

"तरी चालत राहायचं. लाल दिसेपर्यंत कोणी थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानाच्या पायरीवर पंच होऊन उभे. पुठ्ठ्यावर पिवळं अस्तर चिकटवलेलं, धरायला खाली लाकडी फूटपट्टी. लालही केली होती. ती आत भिंतीवर खिळ्याला टांगली. "तुला कधी लागायची नाही," म्हणाले, "पण संच पुरा असावा." तेव्हापासून ती दूध आणायला निघाली तरी पिवळी, नटूनथटून आईबरोबर कुठे निघाली तरी पिवळी. "बदके, गुडघा!" हे ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. मोठ्या स्पर्धेत ती दुसरी आली, तेव्हा पदक सगळ्यात आधी मास्तरांच्या गळ्यात पडलं, मापाच्या टेपवर.

दुखणं जांघेतून सुरू झालं. तिनं ते कोणाला सांगितलंच नाही. दुखणं अंगावर काढणं हेच खेळाडूचं लक्षण, अशी तिची ठाम समजूत, आणि असल्या समजुतींना औषध नसतं. शेवटी एका सकाळी सरांच्या सायकलची चेन निसटली, सर पायी मागून आले, आणि तिच्या पुढे निघून गेले. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर खुबा काढून दाखवला. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो खोबणीत फिरतो. तिच्या डाव्या गोळ्याला रक्तच पोचत नव्हतं, आणि हाड आतून मरत चाललं होतं. शस्त्रक्रिया करून हाडाला भोक पाडलं, रक्त पुन्हा फिरेल या आशेनं. कुबड्या आल्या. कुबड्या जाऊन काठी आली. आणि मग सगळ्यांना एकच शब्द येऊ लागला, बघू.

डॉक्टर म्हणायचे, चालणं सुधारेल, शर्यतीचं बघू. सर म्हणायचे, पुढच्या मोसमात बघू. आई ग्रंथालयात नोकरीला, त्यामुळे घरातही दबक्या आवाजात बोलायची, ती आणखी हळू म्हणायची, "बघू गं. आधी बरी तर हो."

आणि गल्लीनं तिला बदक म्हणणं बंद केलं. जणू बैठक भरवून ठराव केला होता. सगळे खऱ्या नावानं हाक मारायला लागले, तीही आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या आवाजात. ती काठी टेकत निघाली की मास्तर मान खाली घालून मशीन हाणत सुटायचे. इतकं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. तिला त्या मशीनच्या आवाजाचा मनापासून राग यायचा.

रोज सकाळी ती शर्यतीचे बूट घालून, नाड्या घट्ट बांधून खिडकीशी बसायची. कॉलेजात परत जा, असं आई सुचवायची. मोसम जाऊ दे, असं ती म्हणायची. आता शर्यतीत चालता येणार नाही हे तिला कळत होतं, पण थांबताही येत नव्हतं.

एका दुपारी तिनं शर्यतीची निळी पँट काढून घातली. हल्ली या पँटचा डावा पाय टाचेखाली यायचा. आज आला नाही. ती पलंगावर बसली आणि दोन्ही कडा जुळवून बघितल्या. डावी बाजू आत दुमडून शिवलेली होती. टीप इतकी बारीक, की सहज नजरेत येऊ नये. तसं काम गल्लीत एकच माणूस करायचा.

"आई, ही पँट मास्तरांकडे कधी दिलीस?"

आई दारातच थबकली. "लोळत होती गं. अडकून पडशील म्हणून..."

"एकच पाय?"

आईनं नजर चुकवली. म्हणजे खुब्यातला तो हाडाचा गोळा चपटा झाला होता, पाय आखूड झाला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. मापून, दुमडून, शिवूनसुद्धा झालं होतं. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. तिनं काठी उचलली आणि जिना उतरली.

मास्तरांनी तिला येताना पाहिलं आणि मशीन जोरात सुरू केलं.

"मास्तर, वर बघा. किती आखूड झालाय?"

मशीन थांबलं. "बोटभर," ते म्हणाले. "बोटभरही नाही."

"गुडघा वाकतोय माझा. तुम्ही पंच ना? दिसत नाही तुम्हाला?"

मास्तरांनी चाचपडत पिवळ्या पाटीकडे हात नेला.

"ती नको. लाल."

"पोरी, मी कोण गं? मी कपडे शिवणारा माणूस. डॉक्टर काय म्हणतात ते..."

"सगळे बघू म्हणतात, मास्तर! मला थांबता येत नाहीये. खूप दमलेय मी. कोणीतरी दाखवा ना."

मास्तर उठले. खिळ्यावरची लाल पाटी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली, मग शर्टाच्या बाहीनं पुसली, आणि पुसतच राहिले. शेवटी पायरी उतरून रस्त्यावर तिच्यासमोर आले. मुख्य पंचानं समोर यायचं असतं, हे तिनंच त्यांना सांगितलं होतं. फूटपट्टी वर धरली, पण डोळे त्यांनी भलतीकडेच वळवले होते.

तिनं मात्र लाल पाटीकडे नीट, डोळे भरून पाहिलं. मग नियमाप्रमाणे रस्ता सोडला, दुकानात चढली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून मोठ्यानं रडली. शस्त्रक्रियेच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. त्या सकाळी, तो पावाचा वास, काळ्या हातांनी पळणारे सर, सगळं तिला एकदम हवं झालं, आणि त्यातलं काहीही परत मिळणार नव्हतं. मास्तर टेप गळ्यात घालून नुसते शेजारी उभे राहिले.

रडून झाल्यावर तिनं चेहरा पुसला, बुटांच्या नाड्या जरा सैल केल्या आणि उठली. चार पावलं गेली असेल, तोच मागून आवाज आला.

"बदके! गुडघा!"

ती वळली. मास्तर पायरीवर पिवळी पाटी धरून उभे होते. नाक लाल, आवाज घोगरा.

"बाद झालेल्याला पिवळी दाखवत नाहीत, मास्तर."

"शर्यतीतून बाद केलंय," मास्तर म्हणाले. "गल्लीतून नाही."

समोरच्या बेकरीवाल्यानं घाबरून मान बाहेर काढली, आता ही काय म्हणते ते बघायला. तिला हसू फुटलं. काठी टेकत, डाव्या अंगाला झुकत, डुलत डुलत ती घराकडे निघाली, आणि ती जिन्यात शिरेपर्यंत मास्तरांनी पाटी खाली घेतली नाही.