उंबरठ्यावरून उतरलेली पाटी

साहेब, माझ्या तोंडावर खोटं लिहिलंत ते तुम्ही. रंगाऱ्याकडे बोट दाखवू नका, त्यानं फक्त ब्रश फिरवला.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. मांडीवर घेऊन गिरवायची नव्हे, दारावर टांगायची. त्याआधी मी एका बाकाची फळी होते. मुलं माझ्यावर बसून पाय हलवायची, ते दिवस बरे होते. बाक मोडला आणि बालवाडीच्या साहेबांचा हुकूम आला. सुतारानं मला रंधा मारला, रंगाऱ्यानं पांढरा हात दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं : 'पालकांनी उंबरठ्याबाहेर थांबावे. शिकवणे हे शिक्षकांचे काम आहे.'

"साहेब, सुरुवातीला 'कृपया' घालू का?" रंगाऱ्यानं विचारलं होतं.

"नको. उगाच जागा अडते."

नऊ वर्षं मी त्या दारावर होते. तपासणीला आले की साहेब माझ्याकडे बघून म्हणायचे, "शिस्त म्हणतात ती ही." लाकूड ओलाव्यानं फुगतं, मी कौतुकानं फुगले. माझ्याखाली बसचा ड्रायव्हर यायचा, दवाखान्यातली आया यायची, कुणाचे आजोबा यायचे. मला वाचायचे, अंग चोरायचे, मूल आत ढकलायचे आणि जायचे. वर्षानुवर्षं वाचलं की माणसाला खरंच वाटू लागतं, आपल्याला काही येत नाही.

त्यांच्यात एक लॉन्ड्रीत काम करणारी आई होती. तिची पाच वर्षांची मुलगी सात महिन्यांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मुलांनी तिचं नाव 'घुमी' ठेवलं. वर्गाच्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना जसं शिकवलं होतं तसंच करणाऱ्या होत्या. त्यांनी नोंदवहीत लिहिलं : 'बोलत नाही. मोजता येत नाही. घरी लक्ष दिले जात नाही.' मग आईला उंबरठ्यावर उभं करून वीस मिनिटं समजावलं. अंकांचा तक्ता दिला, रोज अर्धा तास घ्या म्हणाल्या. आई मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती यायचीच बंद झाली. मुलीला शेजारीण सोडू लागली.

नोंद वाचून साहेबांनी कळवलं, सोमवारी मी स्वतः मुलीची परीक्षा घेणार. बोलली नाही, मोजलं नाही, तर तिचं नाव पहिलीच्या यादीतून काढणार.

गुरुवारी शेजारीण तापानं पडली, म्हणून आईला यावंच लागलं. कामावरून थेट आली होती, काखेत धुतलेल्या मोज्यांचं गाठोडं. नेमकी माझ्याखाली गाठ सुटली आणि उंबरठाभर मोजे झाले. घुमी आतून पळत आली. दोघी तिथंच बसल्या.

"या काळ्याचा भाऊ कुठाय गं?" आईनं विचारलं.

"हा नाही. याची टाच राखाडी आहे. हा बघ, लपलाय लबाड."

"किती जोड्या झाल्या?"

"अकरा. आणि हा एकटाच. याला माझ्याजवळ ठेव, रडेल तो."

बाई दारात खिळून उभ्या होत्या. "हिला मोजायला तुम्ही शिकवलंत?"

आई दचकून उठली. "नाही हो बाई. मी कशाला शिकवतेय? तुमच्या तक्त्याला तर हातसुद्धा नाही लावला. फाटला बिटला तर म्हणून कपाटावर ठेवलाय."

बाईंनी वाकून एक मोजा उचलला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. तक्ता राहू दे कपाटावर. तुम्ही जे करता तेच शिकवणं आहे, आणि ते मला जमलं नाही. उद्या हे मोजे घेऊन आत या. मला दाखवा."

"आत?" आईनं माझ्याकडे बघितलं.

बाई स्टुलावर चढल्या. दोन्ही हातांनी हिसका देऊन त्यांनी मला खाली काढलं. मी दोन स्टुलांवर आडवी झाले, अक्षरं जमिनीकडे, पाठ वर. इतक्या वर्षांनी पुन्हा मुलांची कोपरं माझ्यावर टेकली. शुक्रवारी आईनं मोजे माझ्यावर ओतले आणि अख्खा वर्ग तुटून पडला.

सोमवारी साहेब आले. बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीशी. तक्ता उघडून म्हणाले, "हा कितवा?" घुमी गप्प. "हा?" गप्प. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा कोपऱ्यातून लॉन्ड्रीवाली आई उठली. काखेत गाठोडं होतंच. "साहेब, मी विचारू का?"

साहेब 'नाही' म्हणायच्या आत तिनं गाठोडं सोडलं. "किती जोड्या गं?"

"चौदा," घुमी म्हणाली. मग खाली वाकून तिनं साहेबांच्या पायाकडे बोट दाखवलं. "पण यांची जोडी चुकलीय. एक काळा, एक निळा."

बाईंनी तोंडावर पदर धरला. आई बिनधास्त हसली, मुलं तर लोळलीच. साहेबांनी विजारीचे पाय मोज्यांवर ओढून घेतले आणि यादीतलं नाव राहू दिलं.

आता शुक्रवार आमचा असतो. ड्रायव्हर थांब्यांची नावं पाठ करून घेतो, आया जखमेच्या पट्ट्या गुंडाळायला शिकवते. आपल्या मुलाला काय येतं ते आधी पालक सांगतात, बाई नोंदवहीत लिहून घेतात. मित्रांनो, तुमच्या घरातली माणसं कामं करता करता तुम्हाला शिकवत असतात. त्यांना तसं सांगत जा, त्यांना ते ठाऊक नसतं.

काल साहेबांचं पत्र आलं : 'पाटी पूर्ववत दारावर लावावी.' बाईंनी ते माझ्यावर ठेवलं. घुमीनं त्यावर दोन मोज्यांचं चित्र काढलं, एक काळा, एक निळा. तेच परत पाठवलंय, खाली सगळ्या पालकांच्या सह्या. लॉन्ड्रीवाल्या आईची सही सर्वांत मोठी.

सह्यांच्या वर माझा एकच प्रश्न आहे, साहेब. त्या सोमवारी तुम्ही होतात, बाई होत्या, तक्ता होता. त्या खोलीत शिकवत कोण होतं? लेखी उत्तर द्या, मग मला टांगा.