सेहेचाळीस अर्ज नामंजूर

अण्णा छत्तीस वर्षं परवाना खात्यात होते. आपल्या हाताखालून एकही अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होऊन गेला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! निवृत्त झाल्यावर कोणी काही विचारेना, तसा माणूस पार मलूल झाला.

त्यातच त्यांनी वीज वाचवायला मेन स्विच पाडला आणि चालू असलेला जुना कॉम्प्युटर बसला. त्यांच्या दिवंगत बायकोने टाइप केलेलं सगळं त्यातच होतं. लेक धावत आली. तिने फाइल सिस्टीम दुरुस्त करायची आज्ञा देताच काळ्या पडद्यावर प्रश्न उमटला: ही फाइल कुठल्याच फोल्डरात नाही, हरवलेल्यांच्या फोल्डरात ठेवू? हो की नाही?

अण्णांचे डोळे चमकले. लेक बाहेर जाऊन फोनवर बोलून येईपर्यंत त्यांनी सेहेचाळीस वेळा 'नाही' ठोकलं होतं. फाइलला नाव नाही, ठावठिकाणा नाही, म्हणजे अर्ज अपूर्ण.

लेकीने कपाळावर हात मारला. 'नाही' म्हटल्याने फाइल पुसली जात नाही, असं समजावून तिने आज्ञा पुन्हा दिली. पण नामंजूर अर्ज सहा महिने परत घ्यायचा नाही, हा नियम अण्णांनीच केलेला. कीबोर्ड मांडीवर घेऊन ते ढिम्म बसले. इकडे डिस्क करकरत होती. संध्याकाळपर्यंत तग धरेल की नाही, देव जाणे.

शेवटी लेकीने मिनिटभर कीबोर्ड मागून घेतला आणि एका बेवारस फाइलचा मजकूर वाचून दाखवला. अर्जदार: पत्नी. विषय: बहिणीकडे आठ दिवस जाण्याबाबत. अर्ज पाचव्यांदा सादर. आणखी चार-पाच फायली बघितल्या, तर त्याही अर्जच.

अण्णा घरातही तोंडी विनंती ऐकत नसत. टाइप करून आण म्हणत, आणि आणलं की त्रुटी काढत. आज त्यांना स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे ती कधी गेलीच नाही?"

"दरवर्षी जायची, अण्णा. तुम्ही दौऱ्यावर गेलात की. तुमचे शेरे वाचून मावशीकडे सगळे पोट धरून हसायचे."

सगळ्यांना एकदम 'हो' म्हणायची सोय आहे, असंही लेक म्हणाली. अण्णांनी ती नाकारली. चष्मा पुसून ते एकेका प्रश्नाला 'हो' देत गेले, आणि दर वेळी म्हणत राहिले, "कार्योत्तर मंजुरी."

सेहेचाळिसाव्या वेळी 'हो' देऊन ते पुन्हा चष्माच पुसू लागले. लेकीनेच म्हणून टाकलं.