खांद्याचा ठिपका कोपरावर

मी एक स्क्रिप्ट बोलतेय, म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या सूचना. वेब पानाच्या पोटात राहते, एकवीस ओळींची. माउसचा बाण पानावर नेमका कुठे आहे, एवढंच मी सांगते. डावीकडून किती, वरून किती. बस.

ऐकायला सोपं वाटतं. पण माउस केसभर हलला तरी मला हाक येते. आणि माणसं तो उगाचच हलवतात हो! वाचताना ओळीखालून फिरवतात, फोनवर बोलताना गोल गोल घुमवतात. दर वेळी मी उठायचं, मोजायचं, आकडे द्यायचे. ते बहुतेकदा कुणी घेतही नाही.

मला एका भावानं आपल्या बहिणीसाठी लिहिलं. ताई फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यात आलेल्यानं बाहेरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर माणसाचं चित्र बघायचं आणि दुखतं तिथे क्लिक करायचं. ठिपका उमटलेला कागद आत ताईच्या हातात जायचा. बुजऱ्या माणसांना बरं पडेल, असं तिला वाटलं होतं.

त्या काळी ब्राउझरांचं आपसात पटत नसे. एक जण बाणाचं अंतर पानाच्या माथ्यापासून मोजायचा, दुसरा खिडकीच्या वरच्या कडेपासून. पान सरकवलं की दोघांच्या आकड्यांत तेवढा फरक. भावानं तोडगा काढला. मी आधी ब्राउझरला नाव विचारायचं. तो दुसरा निघाला, तर पान जितकं सरकलंय तितकं आकड्यात मिळवायचं. कुठून मोजतोस, हे विचारायला त्यानं मला शिकवलंच नाही. तेव्हा पुष्कळजण असंच लिहीत.

वर्षं गेली. ब्राउझर शहाणे झाले, सगळेच माथ्यापासून मोजू लागले. पण जुन्या पानांनी दारातूनच परत पाठवू नये म्हणून काही नव्यांनी जुन्यांची नावं लावून घेतली. ताईकडे नवा कॉम्प्युटर आला, त्यातल्या ब्राउझरनंही मला त्या दुसऱ्याचंच नाव सांगितलं. मी आपली भर घालत राहिले. आधीच पुऱ्या असलेल्या आकड्यात.

बाकीचे लोक आत गेल्यावर तोंडानं सांगत, ठिपका चुकला तर हसून सोडून देत. एक रंगारी यायचा, तो मात्र मोजकं बोलणारा. छतांना रंग देऊन देऊन त्याचा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना, म्हणजे कामच बंद. स्क्रीन लहान, चित्र पानावर खाली. त्यानं पान सरकवलं, दुखऱ्या जागेवरून बोट फिरवावं तसा बाण खांद्याभोवती दोनदा फिरवला आणि क्लिक केलं. मी आकडे दिले. कागदावर ठिपका कोपरावर.

तीन आठवडे ताईनं त्याच्या कोपरावर उपचार केले. एक दिवस जाता जाता टेबलापाशी थांबून तो म्हणाला, "ताई, खांद्याचं कधी बघायचं?"

"खांदा? तुम्ही तर कोपर दाखवलं होतंत!"

"नाही हो. मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या, दुखण्याचं मूळ कोपरात असेल."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही कागद बघूनच करत होतात ना."

ताईनं भावाला फोन लावला. "माझ्याकडे बरोबर येतंय," तो म्हणाला. खरंच येत होतं. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर अख्खा माणूस मावतो, पान सरकवावंच लागत नाही.

"तुझ्याकडे कुणाचा खांदा दुखतोय रे? इथे येऊन बघ."

तो आला. रंगाऱ्यानं डाव्या हातानं माउस धरून त्याच्यासमोर पुन्हा खांद्यावर क्लिक केलं. कागद निघाला. ठिपका पुन्हा कोपरावर. भाऊ रंगाऱ्याकडे वळला.

"चूक माझी आहे, काका."

"ते असू दे. हात वर जाईल ना?"

"जाईल," ताई म्हणाली. "पण आता वेळ लागेल. आखडलाय फार."

भावानं तिथेच बसून मला उघडलं. काय बिघडलंय ते ताईला समजावलं आणि आणखी एक अट लिहू लागला: नाव हे असेल, पण ब्राउझर नवा असेल, तर... मी मनात म्हटलं, नको रे बाबा, आता बाविसावी ओळ नको.

"म्हणजे पुन्हा नावच विचारणार?" ताई म्हणाली.

तो थांबला. मग दोनच ओळी लिहिल्या, थेट माथ्यापासूनचं अंतर मागणाऱ्या. मला मात्र त्यानं पुसलं नाही. पुढेमागे लागेल म्हणून माझ्या प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या. अशी ओळ ब्राउझर सोडून देतो. आता मी नुसती वाचण्यापुरती, चालत नाही. हाका बंद झाल्या.

रंगारी एक दिवसाआड येतो. टेबलासमोरच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, हा त्याचा व्यायाम. हात पोचतो तिथे ताई पेन्सिलीनं खूण करते. आजची खूण त्याच्या हनुवटीइतकी आहे.

मी थकलेय. भावा, मला ठेवून काही उपयोग नाही, पुसून टाक. फक्त आज नको. त्याचा हात डोक्यावर जाऊ दे, मग.