तेलाचा हात

मी सायकल बोलतेय. पण थांबा, आधी आजूबाजूला नीट बघून घेते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतींना कान आहेत आणि वॉचमनला चांगले चार आहेत. हं, आता बोलते.

मी साधी दूध आणायची सायकल नव्हे. जाड खडबडीत टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, चाकाच्या मध्यभागी ब्रेकची चकचकीत चकती. दगडधोंड्यांत, माळावर, वाट संपते तिथून पुढे चालवायला मला बनवलं. जन्म लुधियानाकडच्या एका कारखान्यातला. ज्या हातांनी मला जोडलं त्यांनी मला धड बघितलंसुद्धा नाही, आणि माणसांवर पटकन विश्वास ठेवायचा नाही ही सवय मला तिथूनच लागली.

माझे पहिले मालक ओझरचे एक साहेब. त्यांनी मला नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात घेतलं. जानेवारीत सायकल घेणाऱ्या माणसाचा खरंतर तेव्हाच संशय यायला हवा होता. फेब्रुवारीत माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले आणि मार्चमध्ये सीटवर कांद्याची पिशवी बसली. मला विकायची जाहिरात देताना साहेबांनी 'अत्यंत प्रेमाने वापरलेली' असं लिहिलं. माणसं लिहितात एक आणि करतात दुसरंच.

ती जाहिरात वाचून नाशिक रोडहून हर्षल आला. हा विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच फाईल उघडायची, हा त्याचा धंदा. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, फ्रेमवर टिचक्या मारल्या, आणि 'कुठे धडकली होती?' हे इतक्या वेळा विचारलं की साहेब घामाघूम झाले. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. म्हटलं, आपल्या जातकुळीचा मालक मिळाला.

हर्षलच्या घरात तीन माणसं. तो, आई सावित्रीबाई आणि धाकटी बहीण स्नेहल. वडील गेल्यापासून घरचा कर्ता हर्षलच. स्नेहलने देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर सायकलचं दुकान असलेल्या रविराजशी लग्न ठरवलं. सावित्रीबाईंनी चार दिवस विचार करून होकार दिला. हर्षलच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत राहिली. मुलगा जास्त बोलत नाही, म्हणजे काहीतरी लपवत असणार. मुलगा सगळ्यांशी गोड वागतो, म्हणजे तर नक्कीच लपवत असणार. साखरपुडा दिवाळीनंतर ठरला होता, तेवढ्या अवधीत त्याला पारखून घ्यायचं असं हर्षलने ठरवलं आणि त्याला येवल्याच्या माळावर सायकल चालवायला बोलावलं. उन्हातान्हात दमलेला माणूस खरा कळतो, असं त्याचं मत.

दसऱ्याच्या सकाळी रविराज स्वतः घरी आला. चकतीला चिमटीत धरून चाक थांबवणारे माझ्या ब्रेकचे पॅड नवे बसवले, चाक फिरवून बघितलं, तारा ताणल्या. त्याचा हात हलका होता. मी मात्र अंग चोरून उभी होते. फुकट काम करणाऱ्याचा तर मला पहिला संशय येतो.

दुपारी हर्षल आपट्याची पानं आणायला बाजारात गेला आणि सावित्रीबाई पूजेचं ताट घेऊन खाली आल्या. काय सांगू तुम्हाला. आजवर माझ्या अंगावर टॉवेल पडले होते, कांदे पडले होते, फूल कधी पडलं नव्हतं. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, हँडलला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. पाण्यातलं कुंकू वाळून झडतं म्हणून त्यांनी ते खोबरेल तेलात कालवून आणलं होतं. माझ्या पुढच्या चाकाची गोल, चकचकीत चकती त्यांना चांदीच्या ताटलीसारखी वाटली असावी. तिच्यावर त्यांनी बोट टेकवून सावकाश, मन लावून स्वस्तिक काढलं, आणि हात जोडून माझ्याशी बोलल्या. "माझ्या लेकाला नीट घेऊन जा आणि नीट घेऊन ये गं बाई."

मला कोणी पहिल्यांदाच 'बाई' म्हटलं होतं. मी विरघळले. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणारी मी, त्या घडीला संशय घ्यायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हर्षलने हार काढून ठेवला आणि मला गाडीच्या मागच्या स्टँडवर चढवलं. स्वस्तिक चढउतारात पुसलं गेलं, तेल चकतीभर पसरलं आणि वर रस्त्याची धूळ बसली. येवल्याच्या पुढे काळविटांसाठी राखलेला माळ लागतो. पावसाळा सरून थोडेच दिवस झाले होते, तरी तिथलं गवत पिवळं पडलं होतं. जिकडे बघावं तिकडे मुरूम, खुरटी बोरं, बाभळी आणि पायमोजात घुसणारी कुसळं. सावली म्हणावी तर ढगाची, आणि ढगही उधारीवर आणल्यासारखा.

राखणीवर असलेला सोमा नावाचा गावकरी फाटकापाशी भेटला. त्याने परवानगीचा कागद बघितला आणि गाडीवाटेवरूनच जायचं, गवतात शिरायचं नाही, असं बजावलं. "पुढं नाल्याचा उतार लय वंगाळ हाय," तो म्हणाला. "तिथं जोरात नका जाऊ."

निघण्याआधी रविराज माझ्याजवळ वाकला. म्हणाला, ब्रेक एकदा बघून घेतो. हर्षलने त्याला थांबवलं. काल बघितलेत ना, मग आज परत का, आत काही राहिलंय का, असं तपासनिसाच्या आवाजात विचारलं. रविराज मुकाट्याने मागे सरला.

सपाटीवर माझी मजेत गेली. काळविटांचा एक कळप माना वर करून आमच्याकडे बघत होता. काय ते डोळे, प्रत्येक डोळ्यात संशय भरलेला. मला घरच्यासारखं वाटलं. तेवढ्यात वाट नाल्याकडे वळली आणि एकदम खाली उतरली. हर्षलने दोन्ही ब्रेक दाबले. मागचा लागला आणि मुरमावर चाक घसरलं. पुढचा नुसताच किंचाळला, धरेना. मी जीव खाऊन थांबायला बघत होते, पण माझीच चकती माझ्या हातातून निसटत होती. आम्ही दोघं बाभळीत जाऊन पडलो.

सोमा आणि रविराज धावत आले. त्यांनी काट्यांतून हर्षलला बाहेर काढलं. डावा हात मोडला होता. रविराजने आपला शर्ट फाडून त्या हाताला झोळी बांधली. हर्षल त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात फाईल उघडलेली मला दिसत होती. ब्रेकला शेवटचा हात कोणाचा? याचा. या लग्नाला विरोध कोणाचा? माझा. मग मी आडवा झालो तर सोय कोणाची?

मलाही सगळं पटत होतं. हलका हात, फुकटचं काम, तोंडात शब्द नाही. मी म्हणतच होते, कुठेतरी पाणी मुरतंय.

मोडकीतोडकी मी रविराजच्या दुकानात आले. त्याने पुढचे पॅड काढले, नाकाशी नेले, कोऱ्या फडक्यावर घासले. फडक्यावर लालसर डाग उमटला. तो त्या डागाकडे कितीतरी वेळ बघत बसला. मग त्याने चकती स्पिरिटने लख्ख पुसली आणि पॅड फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकले. मनात म्हटलं, बघा, पुरावा मिटवतोय. नंतर त्याने हर्षलला फोन लावला आणि सांगितलं की चूक माझीच, पॅड बसवताना हाताला तेल असणार. झालं, चोराने आपल्या तोंडाने कबूल केलं. मी समाधानाने भिंतीला टेकले.

संध्याकाळी स्नेहल आली. डोळे सुजले होते. घरात काय झालं ते तिने सांगितलं. मुद्दाम केलं नसेल, हे हर्षलने शेवटी मान्य केलं होतं, पण ज्याच्या हातात ब्रेक देता येत नाही त्याच्या हातात बहीण कशी द्यायची, असं म्हणून त्याने साखरपुडा थांबवला होता.

"तू तेलाच्या हाताने ब्रेक धरशील?" तिने विचारलं. "मी तुला ओळखत नाही का?"

"झालं माझ्याकडून."

"रविराज, लग्न मोडतंय आपलं."

"कळतंय मला," तो म्हणाला आणि माझं चाक सरळ करत राहिला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी दुरुस्त होऊन पार्किंगमध्ये परतले होते. हर्षल प्लास्टरमधला हात सांभाळत खुर्चीवर बसला होता. सावित्रीबाई ताट घेऊन आल्या. हार घातला, कुंकू वाहिलं, आणि तेलातल्या कुंकवात बोट बुडवून माझ्या चकतीकडे वाकल्या.

"आई, तिथे काय करतेस?" हर्षलने विचारलं.

"दसऱ्यालाही इथंच काढलं होतं की स्वस्तिक," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हातावर निभावलं. नाहीतर त्या पोराच्या तेलाच्या हाताने तुझा जीवच गेला असता."

हर्षल उठून उभा राहिला. त्याने चकतीकडे बघितलं, आईच्या बोटाकडे बघितलं. मीही बघितलं. कुंकवाचा लाल थेंब बोटाच्या टोकाशी लोंबत होता, आणि त्या फडक्यावरचा डाग कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. ज्या एका माणसावर मी संशय घेतला नव्हता, तीच ही माऊली.

हर्षलने चांगल्या हाताने आईचं मनगट धरलं आणि हळूच हँडलवर नेलं. इथं काढ, इथं समोर दिसतं, एवढंच म्हणाला. त्यांनी तिथे काढलं आणि डोळे मिटून हात जोडले.

पाडव्याला त्याने रविराजला बोलावून घेतलं. दोघं माझ्यापाशीच उभे राहिले.

"पॅडवर कुंकू दिसलं होतं तुला?"

"हो."

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"काकूंना कळलं असतं तर त्यांनी ते आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतं. तुमचा हात काय, सव्वा महिन्यात बरा होतो."

"लग्न मोडत होतं तुझं."

"ते माहीत होतं."

खोटे दावे पकडण्यात हर्षलची हयात गेली. पण स्वतःच्या विरुद्ध खोटं बोललेला माणूस त्याच्या एकाही फाईलमध्ये नव्हता. त्याने खिशातून रुमाल काढला, उगाच नाक पुसलं. "वर चला दाजी," तो म्हणाला. "फराळ करून जा."

आता लग्नाला वर्ष होत आलं. मी अजून याच पार्किंगमध्ये असते, रविवारी मेहुणे-मेहुणे मला माळावर नेतात. काळविटं अजूनही संशयाने बघतात, आणि मीही सगळ्यांवर संशय घेते, फक्त रविराजला वगळून. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. हे ऐकलंत ते तुमच्यापाशीच ठेवा. येत्या-जात्याला सांगू नका. नाशिक रोड फार मोठं नाही, बोललेलं फिरत फिरत सावित्रीबाईंच्या कानावर जाईल.

सावित्रीबाई जावयावर माया करतात, त्याच्या आवडीचं करून घालतात, पण मनातली अढी काही गेलेली नाही. परवाच रविराज माझी हवा बघायला खाली वाकला, तेव्हा त्या जिन्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, आधी हात स्वच्छ धुऊन या हो. मागच्या वेळचं लक्षात आहे ना?"

रविराज "हो आई" म्हणाला, नळाशी गेला, आणि त्यांना नीट दिसेल असे, साबण लावून, दोन्ही हात धुऊन आला.