पाय मोडायची कळ

मसुदेसाहेबांचं हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. चौतीस वर्षं कचेरीत पत्रांचे मसुदे लिहून लिहून ते त्यांना चिकटलं. साध्या पंखादुरुस्तीचं पत्र असलं तरी साहेब ते असं लिहीत की वाचणाऱ्याने उभं राहून वाचावं. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी म्हणालंही, की साहेबांच्या पत्राला उत्तर द्यायचं कुणाचं धाडस होत नसे. साहेबांनी ती स्तुतीच समजली.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीने कायमची सरकारी नोकरी सोडली आणि दूरच्या शहरात जाऊन सुतारकाम शिकायला सुरुवात केली. बाप म्हटल्यावर कुणी ओरडलं असतं, कुणी रडलं असतं. साहेबांनी पत्र टाइप केलं. ‘विषय : नोकरी सोडण्याच्या आपल्या निर्णयाबाबत.’ खाली सात मुद्दे होते, सातव्यात म्हटलं होतं की यापुढे या घराकडून कोणत्याही सहकार्याची अपेक्षा ठेवू नये. आणि सगळ्यात तळाशी, सवयीने, ‘प्रत माहितीसाठी : आई.’

आईने ती प्रत वाचली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मग मात्र दोघांमधला पूल तीच झाली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, बोचणारं तेवढं गाळून. दोन वर्षांपूर्वी ती गेली. लेक आली, तीन दिवस राहिली, आईसाठी स्वतः केलेलं कपाट स्वयंपाकघरात होतं त्यावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली. त्यानंतर पूलच उरला नाही.

आणि या सोमवारी सकाळी तिची मेल आली.

‘बाबा, शनिवारी सकाळी मी देश सोडून जाते आहे. पाच वर्षांचं काम आहे, मध्ये येणं जमणार नाही. फोन कालच बंद केला, नवा नंबर तिकडे गेल्यावर मिळेल. तसंही फोनवर आपण दोघं फक्त उकाड्याबद्दल बोलतो. मेल मी कॉम्प्युटरवरच बघते आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला तो खोक्यात घालून मैत्रिणीकडे ठेवायला देणार आहे. त्याआधी लिहा. बोलावलंत तर शुक्रवारी सकाळच्या गाडीने येईन, एक दिवस राहीन. फार नको. नुसतं ‘ये’ लिहिलंत तरी पुरे.’

साहेबांनी ती मेल चारदा वाचली. बोलवायचंच, हे लगेच ठरलं. पण नुसतं ‘ये’? एक अक्षर? ज्या माणसाने पंख्यासाठी दीड पान लिहिलं तो लेकीला एक अक्षर लिहिणार? सोमवारचा सगळा दिवस त्यांनी कागदावर मसुदा करण्यात घालवला. नमनालाच घडाभर तेल गेलं. पहिल्या पानाच्या शेवटी ते अजून ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ इथेच होते.

मंगळवारी सकाळी ते टाइप करायला बसले आणि चहाचा कप कीबोर्डवर कलंडला.

कीबोर्ड उलटा केला, फडक्याने पुसला, दुपारभर उन्हात ठेवला. बाकी कळा चालू झाल्या. मेली ती वरची अंकांची रांग, जिच्यावर तयार जोडाक्षरं असतात, आणि मधल्या रांगेतली एक कळ. नेमकी अक्षराचा पाय मोडायची. मराठी टाइप करणाऱ्याला ती कळ म्हणजे काय हे सांगायला नको. अक्षराचा पाय मोडल्याशिवाय ते दुसऱ्याला जोडताच येत नाही. आणि शिफ्ट दाबली की त्याच कळेवर ‘अ’ उमटतो, म्हणजे तोही गेला. दुष्काळात तेरावा महिना.

साहेबांनी कळ दाबली, ठोकली, नखाने उचकटली. मग हट्टाने तशीच सुरुवात केली. पडद्यावर आलं : ‘परिय कनया’.

त्यांनी खोडलं. ‘निर्णय’ लिहायला गेले, ‘निरणय’ झालं. ‘कर्तव्य’ लिहिलं, ‘करतवय’ झालं. चौतीस वर्षांचे सगळे भरजरी शब्द एका फटक्यात लंगडे झाले होते. ‘उपरोक्त’ नाही, ‘अनुसरून’ नाही, ‘आशीर्वाद’सुद्धा नाही. ‘सदर’ तेवढा वाचला होता, पण एकट्या सदराला घेऊन काय करणार?

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या बाईंनी कीबोर्ड हलवून पाहिला.

“काका, हा गेला. मराठी अक्षरं छापलेला नवा मागवावा लागेल. गुरुवारी सकाळी येईल.”

“गुरुवारी? मला तातडीचं पत्र पाठवायचंय हो.”

“मग इथे बसून लिहा ना. माझा कीबोर्ड आहे की.”

साहेबांनी दुकानात पाहिलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि पडद्याचं तोंड रस्त्याकडे होतं. लेकीला लिहायचं ते चव्हाट्यावर? “नको, घरगुती आहे,” म्हणून ते परतले.

बुधवारी सकाळी ते पुन्हा बसले. दुसरा इलाजच नव्हता. एखादा शब्द मनात आला की आधी तो जोडाक्षराचा आहे का ते पाहायचं, असला तर टाकून द्यायचा आणि त्याच्या मागे काय उरतं ते शोधायचं. ‘क्षमस्व’ टाकला. ‘दिलगिरी’ चालला असता, पण पुढे ‘व्यक्त’ आला आणि घोडं अडलं. मग एका एका कळेवर बोट ठेवत त्यांनी लिहिलं आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत पडद्यावर एवढं उभं राहिलं :

‘बाळ, ये.

माझं चुकलं. नोकरी तुझी होती, ती सोडायची की नाही हे ठरवणारा मी कोण? मला भीती वाटली आणि मी ती रागात लपवली. आई गेली आणि घर फार मोठं झालं. तू आईसाठी केलेलं कपाट मी रोज उघडतो. दार करकरत नाही. काम चोख आहे. हे मी कधी बोललो नाही.

ये. मी वाट पाहतो.

बाबा’

वाचताना त्यांचे डोळे भरून आले. हे आपण लिहिलं? आपल्या पोटात हे होतं? बायको असती तर म्हणाली असती, एवढंच लिहायला एवढी वर्षं लागली का हो तुम्हाला. त्यांनी नाक पुसलं आणि ‘पाठवा’वर टिचकी मारली.

गोल चकती फिरू लागली. फिरली, फिरली, आणि खाली ओळ आली : ‘पाठवता आलं नाही. मजकूर मसुद्यांत ठेवला आहे.’

मोडेमवरचा तिसरा दिवा लाल झाला होता.

आपल्या साध्या बटणांच्या मोबाइलवरून त्यांनी ब्रॉडबँडवाल्यांच्या तक्रारकेंद्राला फोन लावला. अकरा मिनिटं वाद्यसंगीत आणि मधूनमधून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. मग एक मुलगी आली. उंटावरून शेळ्या हाकणारे नुसते गोष्टीत असतात असं साहेबांना वाटे, आता प्रत्यक्ष आवाज ऐकला.

“काका, मोडेम बंद करा, तीस अंक मोजा, परत चालू करा.”

“तीनदा केलंय.”

“एकदा माझ्यासमोर करा.”

तुमच्यासमोर म्हणजे काय हो, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, पण त्यांनी निमूटपणे तीस मोजले. दिवा लालच राहिला. तक्रार नोंदवली गेली. माणूस उद्या दुपारी येईल असं कळलं. आता दुकानात जाऊन पाठवता आलं असतं. पण मसुदा तिथे उघडायचा म्हणजे पासवर्ड टाकायचा, आणि ते पत्र रस्त्याकडे तोंड करून झळकणार. ‘माझं चुकलं’ हे शब्द परक्याच्या नजरेला पडणार. उद्या दुपारी होईलच की, ते स्वतःला म्हणाले. इथेच खरी माती खाल्ली, हे त्यांना नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी नवा कीबोर्ड आला. दीड वाजता वायरवाला आला. त्याने मोडेमकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ जिन्यात गेला आणि दोन मिनिटांत हाक मारली. जिना रंगवणाऱ्यांनी शिडी टेकवताना वायर चेचली होती.

“तीस मोजून ही जुळायची नाही, साहेब,” तो म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने नवा तुकडा जोडला आणि अडीच वाजता मोडेमचे चारही दिवे हिरवे झाले.

आता काय उरलं होतं? मसुदा उघडायचा आणि टिचकी मारायची. साहेबांनी उघडला. पण कालचं पत्र आज वेगळंच दिसू लागलं. दुसरीतल्या पोराने लिहिल्यासारखं. मायना नाही, विषय नाही, जोडाक्षर औषधालाही नाही. ‘भीती वाटली’ म्हणे! उद्या लेक हे कुणाला दाखवेल, पाच वर्षं जवळ ठेवेल. बापाची आठवण म्हणून हे? समोर कोरा करकरीत कीबोर्ड होता. त्यांनी सहज ती मधली कळ दाबून पाहिली. पाय लोण्यासारखा मोडला. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

तसाच राहू दे तो मसुदा, त्यांनी ठरवलं, आपण दुसरं नीट लिहू. वेळ होता, अडीच तास होते. ‘माझं चुकलं’ यावर ते बराच वेळ अडले. चुकलं हे खरंच, पण जरा मोघम असावं. मग ते ‘माझ्याकडून चूक झाली असल्यास’ झालं आणि मग त्याला शेवटचा हात लागला. चार वाजून वीस मिनिटांनी पत्र गेलं. चकती अर्धा क्षणही फिरली नाही.

‘विषय : आपल्या सोमवारच्या पत्राबाबत.

प्रिय कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले पत्र प्राप्त झाले. पूर्वीच्या पत्रव्यवहारात माझ्याकडून काही त्रुटी राहून गेली असल्यास त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. प्रस्थानापूर्वी आपण येऊ इच्छित असल्यास निवासस्थान आपणास उपलब्ध राहील. कळावे.’

उत्तर चार चाळीसला आलं.

‘आपले पत्र प्राप्त झाले. मजकुराची नोंद घेण्यात आली आहे.

प्रत माहितीसाठी : आई.’

क्षणभर, अगदी क्षणभर, साहेबांतल्या हेडक्लार्कला बरं वाटलं. लेकीचा मसुदा निर्दोष होता. मग शेवटची ओळ त्यांना कळली. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कपाटाच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नसतं. परत येऊन त्यांनी मसुद्यांचं पान उघडलं. तिथे एकच पत्र होतं. ते उघडलं. पहिली ओळ : ‘बाळ, ये.’ अजूनही त्यांचं बोट सवयीने वर गेलं, ‘बाळ’च्या आधी ‘प्रिय’ घालायला. त्यांनी ते मुठीत आवळलं आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारली.

पत्र गेलं. कोपऱ्यातल्या घड्याळात पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.

शुक्रवारी ते सकाळपासून दाराजवळच्या खुर्चीत बसले. सकाळची गाडी दहाला येते. जिन्यावर पावलं वाजली ती रंगवणाऱ्यांची. दुपारी त्यांनी मेल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मोडेम बंद केला, तीस मोजले, चालू केला. एकेक करून चारही दिवे लागले. हिरवे. शेवटी चारच्या सुमारास त्यांनी तक्रारकेंद्राला फोन लावला.

“मेल येत नाहीये,” ते म्हणाले.

मुलगी बुधवारचीच असावी. तिने काहीतरी तपासलं. “काका, तुमची लाइन एकदम व्यवस्थित आहे. येणारं, जाणारं, दोन्ही चालू आहे.”

“पुन्हा बघता?”

“बघितलं, काका. तुमच्या बाजूने काहीच बिघाड नाही.”

साहेबांनी फोन कानाला धरून मोडेमचे हिरवे दिवे पुन्हा मोजले. पलीकडे दुसऱ्या कुणाचे तरी फोन वाजत होते.

“काका? आहात ना?”

“माझं चुकलं,” साहेब म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे तोंडाने म्हटलं होतं.

“अहो, काही हरकत नाही,” मुलगी म्हणाली. “होतं असं पुष्कळांचं.” आणि तिने तक्रार बंद केली.